अब्बांची कॅसेट दोह्यात का वाजेना?

ईदच्या दुसऱ्या दिवशी दोह्याहून आपाचा फोन आला. सलाम-दुआ झाली, शीरखुर्म्यात यंदा चारोळी किती घातली याची चौकशी झाली आणि मग तिने मुद्द्याला हात घातला. "तुम्ही सगळे रोज रात्री अब्बांचा आवाज ऐकता म्हणे. मग माझ्याकडेच का नाही वाजत? पाठवलेली ती लिंक उघडतच नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चिपळूणच्या आमच्या घरात अम्मी, आम्ही दोघे नवरा-बायको आणि अकरावीत शिकणारा मुलगा अशी चारच माणसे. महिनाभर खपून आम्ही घरात एक छोटा 'मीडिया सर्व्हर' उभा केला होता आणि त्याचे कौतुक आपाला फोनवरून इतके ऐकवले होते, की तिच्याकडे काहीच दिसत नाही हे ऐकून ओशाळल्यासारखे झाले.

आधी थोडी मागची हकिगत सांगायला हवी. मरहूम अब्बा कुवेतला नोकरीला होते. तेव्हा फोन महाग, पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागत. म्हणून अब्बा रात्री खोलीवर बसून कॅसेटमध्ये बोलत आणि गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ती कॅसेट पाठवून देत. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत अशा कॅसेटी आल्या असतील. वाचकांपैकीही अनेकांना त्या आठवत असतील. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा लाखाहून अधिक हिंदुस्थानी लोक जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आले. अब्बाही तसेच आले, एका पिशवीनिशी. तिथले सगळे गेले; पण त्यांचा आवाज इथे अम्मीच्या ट्रंकेत सुखरूप होता. त्या ट्रंकेत पुढे आपाच्या निकाहच्या आणि मेहंदीच्या व्हीएचएस टेपची भर पडली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. तळमजल्यावरच्या कपाटातले सगळे फोटो अल्बम चिखल होऊन गेले. ट्रंक माडीवर होती म्हणून वाचली. त्या दिवसापासून अम्मीचा एकच धोशा होता, "हे एकदा नीट करून ठेवा." करायला आम्हाला चार वर्षे लागली, ही आमची आळशी जात! टेपवर पांढरी बुरशी आली होती. कोकणातल्या दमट हवेत ती येतेच. अशी टेप तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या टेपला. त्यामुळे आधी साफसफाई करावी लागली. व्हीसीआर मिळवणे हे आणखी एक काम. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि तेव्हापासून नवा व्हीसीआर बाजारात येणेच बंद झाले. चालू स्थितीतला जुना शोधायला दोन तालुके पालथे घातले. असो. शेवटी ३१ कॅसेटी आणि ४ टेपा हार्ड डिस्कवर उतरल्या.

यूट्यूबवर लिंकपुरते ठेवा, म्हणजे कुठूनही दिसेल, असे एका नातेवाइकाने सुचवले. सोपे होते. पण मेहंदीच्या टेपमध्ये फक्त बायका आहेत. घरच्या, शेजारच्या, काही आता हयात नसलेल्या. तेव्हा कॅमेरासुद्धा मामीनेच धरला होता. अम्मीने ठाम सांगितले, "या बायका आपल्या भरवशावर मोकळेपणी बसल्या होत्या. त्यांना दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे नाही." मग घरातच कपाट करायचे ठरले. मुलाने जुन्या लॅपटॉपवर 'जेलीफिन' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घातला. हार्ड डिस्कवरच्या चित्रफिती आणि आवाज तो घरातल्या फोनवर, टीव्हीवर दाखवतो. याच कामाचा 'प्लेक्स' अधिक प्रसिद्ध आहे. पण घराबाहेरून व्हिडिओ पाहायचा तर त्याला २०२५ पासून पैसे भरावे लागतात. जेलीफिनला लागत नाहीत.

घरात तर सगळे झकास चालले. एक गंमत मात्र झाली. आम्ही टेपच्या फाईलला नुसते 'निकाह' असे नाव दिले आणि ती 'सिनेमा' या विभागात टाकली. प्रोग्रॅमने इंटरनेटवर शोध घेऊन तिला १९८२ सालच्या 'निकाह' सिनेमाचे पोस्टर चिकटवले. आपाच्या निकाहवर सलमा आगाचा चेहरा! घरगुती व्हिडिओंसाठी वेगळा विभाग असतो, तिथे फाईल हलवल्यावर ते गेले.

आता आपाची तक्रार. पहिली चूक शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण ती फारच ढोबळ होती. आम्ही तिला पाठवलेला पत्ता १९२.१६८.१.२० असा होता आणि त्यापुढे ८०९६. घरात बसून आम्ही हाच पत्ता वापरत होतो. पण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे घराच्या आतले पत्ते असतात. ओटी, माजघर, माडी असे म्हणावे तसे. पोस्टमनला 'माडी' एवढाच पत्ता लिहून दिला तर तो काय करणार? माड्या तर प्रत्येक घराला आहेत. आपाच्या दोह्यातल्या घरात तोच आकडा कदाचित तिच्या प्रिंटरचा असेल. तिचा फोन बिचारा तिच्याच घरात अब्बांना शोधत होता.

घराचा बाहेरचा पत्ता वेगळा असतो. 'माझा आयपी काय' असे इंटरनेटवर विचारले की तो दिसतो. तो आम्ही पाठवला, तरी दार उघडेना. मुलगा म्हणाला, बाहेरचा माणूस फाटकापर्यंत आला तरी त्याला कोणत्या खोलीत न्यायचे हे राउटरला सांगावे लागते. त्याला 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन '८०९६ क्रमांकावर जो येईल त्याला लॅपटॉपकडे पाठव' असे लिहिले. लाईट जाऊन आली की लॅपटॉपला वेगळाच आकडा मिळतो, म्हणून त्याचा घरातला आकडाही कायमचा करून टाकला. विंडोजची फायरवॉल त्या क्रमांकाला अडवत होती, तिथेही परवानगी दिली. रात्रीचे साडेअकरा झाले. दोह्यात नऊ. आपा फोन हातात घेऊन वाट पाहत होती.

दार उघडले नाही.

त्या रात्री आम्ही आणखी एक वेडेपणा केला. बाहेरून चालते का हे आम्ही घरातल्याच वायफायवरून तपासत होतो. ती तपासणी भरवशाची नसते. काही राउटर घरातल्याच माणसाला बाहेरून फिरवून परत आत आणू शकत नाहीत, त्यामुळे सगळे ठीक असूनही बंद दिसते. बाहेरची तपासणी करायची तर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच करावी. दुसऱ्या दिवशी तसे केले. तरीही नाही.

तीन दिवस असे गेले. इंटरनेट देणाऱ्याच्या मदत केंद्राला फोन केला की एकच उत्तर, "राउटर बंद करून चालू करा." चौथ्या वेळी आम्हीच त्यांच्या आधी ते वाक्य म्हणून दाखवले. त्या मुलाचाही दोष नव्हता म्हणा. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर तेवढेच लिहिलेले असणार.

उत्तर सापडले ते राउटरच्याच 'स्टेटस' नावाच्या पानावर. तिथे 'वॅन आयपी' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे इंटरनेटवाल्याने आपल्या राउटरला दिलेला पत्ता. हा आकडा आणि 'माझा आयपी काय' याचे उत्तर, दोन्ही एकच असायला हवेत. आमच्याकडे वेगळे होते. राउटरचा आकडा १०० ने सुरू होत होता आणि दुसरा अगदीच निराळा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास एका कामासाठी राखून ठेवलेले आहेत. इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरायला द्यायचा, तेव्हा आतल्या बाजूला हे आकडे देतात. या पद्धतीला 'सीजीनॅट' म्हणतात.

असे का करतात? इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. सुरुवातीला ते अफाट वाटले. पण फोन, टीव्ही, कॅमेरे, सगळ्यांनाच पत्ता हवा झाला. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्यालाही रेशनिंग आले. ज्या कंपन्या उशिरा आल्या त्यांना थोडे पत्ते मिळाले आणि ग्राहक तर पुष्कळ. मग वाटून वापरण्यावाचून इलाज काय?

मोठ्या बिल्डिंगला एकच फाटक आणि एकच वॉचमन असावा, तसे हे आहे. तुम्ही आतून माणूस बाहेर पाठवला, तर तो परत आल्यावर वॉचमन त्याला ओळखतो आणि तुमच्या घरी सोडतो. म्हणूनच व्हॉट्सअॅप, यूट्यूब, बँक सगळे सुरळीत चालते आणि काही बिघडले आहे असे कधी जाणवतच नाही. पण कुणी परका फाटकाशी येऊन नुसते "८०९६ ला जायचे आहे" म्हणाला, तर वॉचमन कोणत्या बिऱ्हाडाकडे बोट दाखवणार? आम्ही तीन दिवस आमच्या बिऱ्हाडाचे दार सताड उघडे ठेवून बसलो होतो आणि पाहुणी खाली फाटकावरूनच परत जात होती.

सताड उघडे हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. हे कळल्यावर मुलगा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "अॅडमिनला पासवर्ड ठेवलाच नव्हता मी. ट्रायलसाठी म्हणून." म्हणजे वाटून घेतलेला पत्ता मध्ये आडवा आला नसता, तर ज्या बायकांना आम्ही यूट्यूबपासून जपले त्या साऱ्या दुनियेला उघड्या झाल्या असत्या. इंटरनेटवर असे उघडे क्रमांक धुंडाळणारे यांत्रिक प्रोग्रॅम अखंड फिरत असतात. त्यांना घर सापडायला फार वेळ लागत नाही. शिवाय ८०९६ या क्रमांकावरचे बोलणे कुलूपबंद नसते. पासवर्ड ठेवला तरी वाटेतल्या कुणालाही तो वाचता येऊ शकतो. ज्या अडथळ्यावर आम्ही तीन दिवस चिडत होतो त्यानेच आमची लाज राखली. अम्मीला आम्ही हे अजून सांगितलेले नाही. हा अंक घरी येईल तेव्हा कळेलच.

राउटरमधली ती ओळ त्याच क्षणी पुसली. प्रत्येकाच्या नावाचे वेगळे खाते आणि पासवर्ड केला. जेलीफिनमध्ये कोणत्या खात्याला कोणता विभाग दिसावा हे ठरवता येते. मेहंदीचा विभाग फक्त अम्मी, आपा आणि घरातल्या इतर बायकांच्या खात्यांना दिसतो. मुलाने तो सगळा बसवला आणि शेवटी स्वतःच्याच खात्यावरून काढून टाकला. अॅडमिनचा पासवर्ड आता त्याच्या अम्मीकडे असतो.

आता वाट कोणती? इंटरनेटवाल्याकडून स्वतंत्र कायमचा पत्ता विकत घेता येतो, दरवर्षी वेगळे पैसे भरून. पण त्याने दार पुन्हा रस्त्यावरच उघडणार. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, यांना तुटवडा नाही. मात्र ते दोन्ही टोकांना असावे लागतात. आम्ही तिसरी वाट धरली. 'टेलस्केल' नावाचे अॅप घरच्या लॅपटॉपवर आणि आपाच्या फोनवर घातले. घरगुती वापराला ते फुकट आहे. दोन्ही यंत्रे आपापल्या घरातून बाहेर पडतात, एकमेकांना ओळखतात आणि मधल्या मध्ये एक कुलूपबंद बोगदा तयार करतात. बाहेर जाणाऱ्याला वॉचमन अडवत नाही, हीच त्यातली खुबी. राउटरमध्ये काही उघडावे लागत नाही आणि यादीत नाव नसलेल्याला आत येण्याची वाटच नसते.

इथे आखातातल्या वाचकांसाठी एक सूचना. असे खासगी बोगदे, म्हणजे व्हीपीएन, यांबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. आपल्या घरच्या व्हिडिओंचा त्याच्याशी संबंध नाही, तरी जिथे राहतो तिथला नियम वाचूनच पुढे जावे.

टेलस्केल घातल्यावर लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला. तोही १०० ने सुरू होणारा! आम्हाला वाटले, पुन्हा तेच दुखणे. नंतर कळले की टेलस्केल आपले पत्ते त्याच राखीव आकड्यांतून घेते. त्याचा आणि इंटरनेटवाल्याच्या भानगडीचा संबंध नसतो. हा गोंधळ दुसऱ्या कुणाचाही होऊ शकेल म्हणून लिहून ठेवले. दुसरे असे की या अॅपमध्ये प्रत्येक यंत्राची ओळख १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. सर्व्हरसाठी ही मुदत बंद करता येते. नाही केली, तर सहा महिन्यांनी सगळे अचानक बंद पडेल आणि कारण कुणालाच आठवणार नाही.

त्या रात्री आपाने नवा पत्ता टाकला आणि पहिल्याच झटक्याला कॅसेटींची यादी तिच्यापुढे आली. तिने १९८६ ची एक लावली. फोन कानाशी ठेवून आम्ही ऐकत होतो. तिच्या खोलीत अब्बा खोकले, पंख्याचा आवाज आला, आणि त्यांनी अम्मीच्या आधी तिचेच नाव घेतले. पुढची काही मिनिटे कुणी बोलले नाही.

व्हिडिओ मात्र रडू लागला. पाच सेकंद चाले, वीस सेकंद थांबे. इंटरनेट मंद आहे, असेच आम्ही गृहीत धरले. पण लॅपटॉपवर हात ठेवला तर तो तव्यासारखा तापलेला. टेपवरून उतरवलेली फाईल जुन्या एमपेग-२ पद्धतीची होती. आपाच्या फोनला ती तशी समजत नव्हती, म्हणून आमचा दहा वर्षांचा लॅपटॉप ती चालता चालता नव्या पद्धतीत बदलून देत होता आणि धापा टाकत होता. इलाज सोपा निघाला. 'हँडब्रेक' नावाच्या फुकट प्रोग्रॅमने चारही टेपा एकदाच एच.२६४ पद्धतीच्या करून ठेवल्या. एक टेप रात्रभर चाले. तीन तासांची टेप आधी जवळजवळ ११ जीबी होती, ती पावणेतीन जीबीची झाली. चित्रात डोळ्यांना फरक कळला नाही, उलट हलत्या हातांवर दिसणाऱ्या आडव्या रेघाही गेल्या. फाईल हलकी झाल्याने दुसरीही अडचण सुटली. घरातून बाहेर चित्र पाठवायचे तर अपलोडचा वेग लागतो आणि जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. आमचा अपलोड त्याच्या दहावा हिस्साही नव्हता. स्पीड टेस्ट करताना अपलोडचा आकडा पाहावा.

आपाच्या टीव्हीत टेलस्केल बसत नव्हते. भाच्याने त्याला अँड्रॉइडची छोटी स्टिक लावली, तिच्यावर दोन्ही अॅप आली. लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपतो, ते सेटिंगही बंद करावे लागले. आणि सर्व्हर म्हणजे काही बॅकअप नव्हे. हार्ड डिस्क उद्या बंद पडली तर आवाज जाईल तो कायमचाच. म्हणून सगळ्याची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर करून ती फुफीकडे ठेवली आहे. फुफीचे घर टेकडीवर आहे, तिथे पाणी चढत नाही.

गेल्या जुम्म्याला रात्री दोह्यात आपा आणि तिच्या सुना, इकडे अम्मी, अशी दोन्हीकडे एकाच वेळी मेहंदीची टेप लागली. आम्हा पुरुषांना माडीवर पाठवले होते; खालून नुसता हसण्याचा आवाज येत होता. आपा फोनवरून विचारत होती, "अम्मी, ती हिरव्या ओढणीतली कोण गं?" अम्मी म्हणाली, "थांब, मागे घे जरा." तेवढ्यात वारा सुटला आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर विझला आणि दोह्यातले चित्र हिरव्या ओढणीवरच थांबले. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो आम्ही या आठवड्यात घेणार आहोत. अम्मीला अजून त्या बाईचे नाव सांगायचे आहे.